साखळीची वाट

भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही हायस्कूलचा सायकलतळ पाहा. कुणाच्या सायकलला कॅरिअर आहे, कुणाच्या नाही. कुणाची घंटी वाजते, कुणाची नुसतीच लटकते. पण साखळीची वाट सगळीकडे एकच. पायडलापाशी मोठे दातेरी चाक, मागच्या चाकाच्या आसाशी लहान दातेरी चाक, आणि दोघांना कवेत घेणारे साखळीचे दोन पदर, एक वरचा आणि एक खालचा. ही रचना इतकी डोळ्यांखालची आहे की साखळी अशीच का जाते, हा प्रश्न मुलांना पडत नाही. आपल्यालाही पडत नाही.

पण साखळी नेहमीच अशी जात नाही. अपंग व्यक्तींच्या तीनचाकी हातसायकलीत ती छातीपुढच्या हातांच्या पायडलापासून खाली चाकापर्यंत उतरते. सायकलरिक्षात ती प्रवाशांच्या बैठकीखालून मागच्या आसापर्यंत जाते. आणि आपल्याकडे क्वचितच दिसणारी एक सायकल आहे. तीत स्वार आरामखुर्चीत बसावे तसा पाठ टेकून बसतो आणि पाय पुढे पसरून पायडल मारतो. इंग्रजीत तिला रिकम्बंट म्हणतात, आपण या लेखापुरते 'रेलती सायकल' म्हणू. तिची साखळी साडेतीन-चार मीटर लांब असू शकते, म्हणजे साध्या सायकलीच्या अडीच-तीन पट.

या तिन्ही वाहनांत अडचण एकच आहे. जोर लावणारे अवयव एकीकडे, चाक दुसरीकडे, आणि मधल्या अंतरातून साखळी न्यायची. ही वाट माणसाने कशी शोधली आणि कुणासाठी शोधली, त्याचा हा इतिहास.

रहाटगाडग्याच्या दोन बाजू

साखळी समजून घ्यायला विहिरीवरचे रहाटगाडगे उपयोगी पडते. गाडग्यांची माळ चाकावरून फिरते. एका बाजूने भरलेली गाडगी वर येतात, दुसऱ्या बाजूने रिकामी खाली जातात. माळ एकच, पण भरल्या बाजूवर पाण्याचे सगळे ओझे असते आणि रिकाम्या बाजूवर काहीच नसते.

सायकलच्या साखळीचेही तसेच आहे. पायडल दाबले की वरचा पदर मागचे चाक पुढे ओढतो. तो भरलेल्या गाडग्यांची बाजू. खालचा पदर फक्त परत येत असतो. मागचा ब्रेक घट्ट धरून कुणाला तरी पायडलवर जोर द्यायला सांगा आणि दोन्ही पदर पेन्सिलीने दाबून पाहा. वरचा तारेसारखा ताठ लागेल, खालचा सहज हलेल. ताठ पदर आणि सैल पदर हा भेद लक्षात ठेवू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

दूरच्या चाकाला गती देण्याची युक्ती आपल्याला नवी नाही. चरख्याचे मोठे चाक एका माळेने चात फिरवते. पण दोऱ्याची माळ घर्षणावर चालते. भार वाढला की ती घसरते. चातीला भार तो किती? म्हणून तिथे चालून जाते. माणसाला वाहून नेणाऱ्या चाकाला न घसरणारी माळ हवी. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत, म्हणजे सुमारे पाचशे वर्षांपूर्वी, कड्यांच्या साखळ्यांची रेखाटने आहेत. मात्र तशी साखळी कारखान्यात अचूक आणि स्वस्त तयार व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

पाय आणि चाक वेगळे झाले

१८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस याने तयार केलेल्या दोनचाकीला पायडल नव्हतेच. स्वार पायांनी जमीन मागे ढकलत असे. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसालाच पायडल बसवले गेले. आता पायाच्या एका फेऱ्यात चाकाचाही बरोबर एकच फेरा होई. वेग वाढवायचा तर चाकच मोठे करायचे. असे करत करत पुढचे चाक दीड मीटर व्यासापर्यंत गेले. चाकाचा परीघ ४.७ मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात ४.७ मीटर अंतर. पण स्वार माणसाच्या उंचीवर बसलेला. खड्डा लागला की तो डोक्यावरच पडायचा. लुगडे-झगा नेसणाऱ्या स्त्रिया, वयस्क माणसे, लहान मुले यांचे हे वाहनच नव्हते.

साखळीने हा पेच सोडवला. १८७९ मध्ये इंग्लंडमध्ये हॅरी लॉसन याने मागच्या चाकाला साखळीने गती देणारी सायकल केली, आणि १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याच्या 'रोव्हर' सायकलीने आजचा आकार रूढ केला. आपल्या रोजच्या सायकलीचे गणित करून पाहू. पुढे ४४ दाते, मागे १८, आणि चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर आहे असे समजू. ४४ भागिले १८ म्हणजे २.४४, त्याला २.२ ने गुणले की ५.४ मीटर. चाक कमरेच्याही खाली राहिले, तरी एका फेऱ्यातले अंतर त्या उंच चाकापेक्षा जास्त झाले. वेग ठरवायचे काम चाकाच्या आकाराकडून दात्यांच्या संख्येकडे गेले.

आमच्या मते साखळीचे खरे काम हेच. माणसाने कुठे आणि कसे बसायचे, हे चाकाने ठरवण्याचे दिवस तिने संपवले.

कडीच्या आत

या साखळीची कडी वरून दिसते त्याहून गुंतागुंतीची असते. मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेला स्विस इंजिनिअर हान्स रेनॉल्ड याने १८८० साली तिचे पेटंट घेतले. त्याआधीच्या साखळ्यांत पातळ पट्ट्या थेट पिनेवर घासत, त्यामुळे पिन लवकर झिजे. रेनॉल्डने पिनेभोवती एक नळी बसवली, तिला बुश म्हणतात. बुशभोवती फिरणारा रोलर. आता घर्षण पट्टीच्या पातळ कडेवर न होता नळीच्या पूर्ण लांबीवर वाटले गेले, आणि दात्यावर घासण्याऐवजी रोलर त्याच्यावरून फिरू लागला. आजची सायकलची साखळी मूळ कल्पनेत तीच आहे.

'साखळी ताणली' असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणले गेलेले नसते. पिना आणि बुश आतून झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येते आणि शंभराहून अधिक सांध्यांची ढिलाई मिळून साखळी लांबते. म्हणूनच पिनेसाठी वरून कठीण आणि आतून चिवट असे पोलाद लागते.

इथे भंडारा जिल्ह्याचा संबंध येतो. १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने झटपट पोलाद करण्याची पद्धत काढली. सुरुवातीचे ते पोलाद ठिसूळ निघायचे. रॉबर्ट मशेट याने त्यात मँगनीजयुक्त लोखंड मिसळले, तेव्हा अडचण सुटली. मँगनीज पोलादातला नको असलेला ऑक्सिजन आणि गंधक यांचा बंदोबस्त करते, शिवाय पोलाद तापवून कठीण करायलाही मदत करते. पोलादाचे युग आले तशी मँगनीजची मागणी वाढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मध्य प्रांतातले मँगनीज युरोपातल्या भट्ट्यांकडे जाऊ लागले. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी त्याच पट्ट्यातल्या. १९६२ साली स्थापन झालेल्या आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या 'मॉइल' कंपनीकडे त्या आज आहेत. तुमसरच्या शाळेत साखळीचा पाठ घेताना मँगनीज हा शब्द नुसता फळ्यावर लिहायची गरज नाही. ते तालुक्याच्याच मातीतले आहे.

पाठ टेकून बसलेला विजेता

साखळीमुळे आसन मोकळे झाले, तरी स्टार्लीनंतर बहुतेकांनी एकच आसन धरून ठेवले. फ्रान्समधल्या शार्ल मोशे याने वेगळा विचार केला. सायकलस्वाराची सर्वांत जास्त ताकद हवा कापण्यात जाते. तो पाठ टेकून पाय पुढे पसरून बसला, तर समोरून येणाऱ्या हवेला त्याचे कमी अंग लागेल. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फॉर हा स्वार मोशेच्या रेलत्या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला. ऑस्कर एगचा १९१४ सालचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम एकोणीस वर्षे टिकला होता. तो मोडणारा फॉर पहिल्या फळीतला स्वार मानला जात नव्हता, हे विशेष.

मग वाद पेटला. हा विक्रम माणसाचा की यंत्राचा? १९३४ साली आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने शर्यतीच्या सायकलीची व्याख्या ठरवली. बैठक आणि पायडल यांच्या जागांवर तीत अशी बंधने होती की रेलती सायकल आपोआप बाहेर पडली. बंदीचा परिणाम शर्यतीपुरता राहिला नाही. शर्यतीत जे नाही ते दुकानात येत नाही, आणि दुकानात नसलेल्या वस्तूवर इंजिनिअर डोके खर्च करत नाहीत. चाळीसेक वर्षे रेलती सायकल हौशी लोकांच्या अंगणात पडून राहिली. १९७० च्या दशकात अमेरिकेत कुठलेही आसन चालेल अशा शर्यती सुरू झाल्या, १९७६ मध्ये त्यांची स्वतंत्र संघटना झाली, आणि लांब साखळीच्या वाटेचा पुन्हा बारकाईने विचार होऊ लागला.

कप्पी कुठे लावायची?

रेलत्या सायकलीत पायडल सर्वांत पुढे आणि गतीचे चाक सर्वांत मागे. सरळ रेषेत साखळी ओढली, तर ती पुढच्या चाकाला घासते, नाहीतर बैठकीत घुसते, नाहीतर मांडीला लागते. म्हणून तिला वाटेत कप्पी लावून वळवावे लागते. कप्पी कोणत्या पदराला लावायची? आता रहाटगाडगे आठवा.

समजा, पायडलवर ५० किलो वजनाइतका जोर पडला. पायडलचा दांडा १७ सेंटिमीटर, आणि ४४ दात्यांच्या चाकाची त्रिज्या सुमारे ९ सेंटिमीटर. तरफेच्या नियमाने साखळीतला ताण होतो ५० गुणिले १७ भागिले ९, म्हणजे सुमारे ९४ किलो. ताठ पदर कप्पीवरून २० अंशांनी वळवला, तर कप्पीच्या आसावर सुमारे ३३ किलोंचा दाब येतो. ६० अंशांनी वळवला, तर पूर्ण ९४ किलो. (दहावी-अकरावीची मुले बलांचा समांतरभुज चौकोन काढून हे ताडून पाहू शकतील.) एवढा दाब सोसणाऱ्या कप्पीत घर्षणही तसेच होते, आणि ते सगळे स्वाराच्या पायांतून वसूल होते. सैल पदरात ताण असतो एखाद-दोन किलोंचा. तो कितीही वळवा, नुकसान नगण्य.

यातून साखळीची वाट बदलणाऱ्यांनी तीन साधे नियम काढले. ताठ पदर शक्य तितका सरळ ठेवावा आणि सगळी वळणे सैल पदराच्या माथी मारावीत. ताठ पदर वळवावाच लागला तर कमीत कमी अंशांनी, आणि तोही मोठ्या, चांगल्या बेअरिंगच्या कप्पीवरून वळवावा. आणि लांब पदर झोके घेऊ लागला, तर त्याला प्लास्टिकच्या नळीतून न्यावे, म्हणजे कपड्यांना वंगणही लागत नाही. आणखी एक मार्ग म्हणजे एका लांब साखळीऐवजी दोन आखूड साखळ्या लावणे आणि मध्ये एक आस ठेवून त्यावर दोन दातेरी चाके बसवणे. साखळीला वळण आपोआप मिळते, आणि दात्यांचे प्रमाण बदलायला आणखी एक जागा मिळते.

रेलत्या सायकलीवर आणखी एक बंधन आहे. चढ आला की साध्या सायकलीवर आपण उभे राहतो आणि शरीराचे वजन पायडलवर टाकतो. पाठ टेकून बसलेल्याला ते करता येत नाही. म्हणून रेलत्या सायकलीला गिअर, म्हणजे दात्यांचे प्रमाण बदलण्याची सोय, चैन म्हणून नसते. चढावर तिच्यावाचून निभावच लागत नाही.

रिक्षाचा पहिला गिअर

ही सगळी अक्कल वापरून आता आपल्या गावातल्या लांब साखळीकडे पाहू. आशियात सायकलरिक्षा १९३० च्या आगेमागे पसरली. नागपूर आणि त्याच्या पूर्वेकडच्या शहरांत तिने कित्येक वर्षे माणसे आणि माल वाहिला. ई-रिक्षांना २०१५ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात जागा मिळाली. त्यानंतर पायरिक्षा झपाट्याने मागे पडल्या, पण संपलेल्या नाहीत.

समजा, रिक्षा, चालक आणि दोन प्रवासी मिळून २५० किलो. सपाट रस्त्यावर चाकांचा विरोध ४ किलो धरू. पुढे ४४ दाते, मागे २२, चाकाचा परीघ २.२ मीटर. पायडलच्या एका फेऱ्यात रिक्षा ४.४ मीटर जाते आणि पाऊल १.०७ मीटरचे वर्तुळ पुरे करते. प्रमाण ४.१. म्हणजे पायावर सरासरी जोर ४ गुणिले ४.१, सुमारे १६ किलो. हे जमते.

आता तीस मीटरला एक मीटर चढणारा पुलाचा चढ घ्या. २५० चा तिसावा भाग ८.३ किलो, त्यात आधीचे ४ मिळवले की १२.३. गुणिले ४.१ म्हणजे सुमारे ५० किलो, आणि तोही संपूर्ण फेऱ्याची सरासरी. चालकाचे स्वतःचे वजन पन्नास-पंचावन्न किलो असेल, तर पायडलवर उभे राहूनही हा चढ चढणे त्याला जवळजवळ अशक्य. म्हणून तो उतरतो आणि हँडल धरून रिक्षा ओढत नेतो. दात्यांचे प्रमाण २ ऐवजी १ करता आले असते, तर त्याच चढावर २५ किलो पुरले असते. वेग अर्धा झाला असता, पण बैठकीवरून उतरावे लागले नसते.

मग रिक्षाला गिअर का नव्हते? तंत्र नव्हते म्हणून नव्हे. साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला 'टूर द फ्रान्स' या शर्यतीत १९३७ सालीच परवानगी मिळाली होती. रेलत्या सायकलीच्या स्वाराला चढावर पर्याय नव्हता, म्हणून इंजिनिअरने त्याच्यासाठी गिअर बसवले. रिक्षावाल्याला मात्र उतरून चालायचा पर्याय होता. रिक्षाचा पहिला गिअर म्हणजे त्याचे पाय. ते फुकट मिळत होते, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीची सुधारणा कुणी करत नाही. भरीला, रिक्षा चालवणारा अनेकदा तिचा मालक नसे. ती रोजच्या भाड्याने घेतलेली असे. श्रम एकाचे आणि खर्च दुसऱ्याचा, अशा ठिकाणी सुधारणा अडकून पडते.

महाराष्ट्रात हा गुंता सोडवायचा एक चांगला प्रयत्न सातारा जिल्ह्यातल्या फलटणला झाला. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सायकलरिक्षा मुळापासून तपासली. जुन्या रिक्षात दात्यांचे प्रमाण चढाला निरुपयोगी, ब्रेक फक्त पुढच्या चाकाला, बैठक गैरसोयीची आणि हवेचा विरोध मोठा, अशी दोषांची यादी त्यांनी केली. मग गिअर आणि मागच्या चाकांना ब्रेक असलेली सुधारित रिक्षा केली, आणि त्याच्या पुढच्या पायरीवर विजेवर चालणारी. २००२ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांनी हे काम मांडले. त्यानंतर बाजार विजेकडे वळला. पायाने चालणारी सुधारित रिक्षा रस्त्यावर सर्वत्र दिसायची राहूनच गेली.

ज्याला उतरता येत नाही

रिक्षावाला निदान उतरू तरी शकतो. हातसायकलीवरच्या माणसाला तेही शक्य नाही. आपल्या देशात अशा सायकली मोठ्या प्रमाणावर करणारा 'अलिम्को' हा सरकारी कारखाना कानपूरला १९७२ मध्ये स्थापन झाला. आपल्या शाळेत अशी सायकल वापरणारा विद्यार्थी असेल, तर त्याची परवानगी घेऊन तिची साखळी पाहा आणि दाते मोजा.

शाळेच्या उताराचे, म्हणजे रॅम्पचे, सर्वमान्य प्रमाण बारास एक आहे. सायकल आणि मुलगा मिळून १०० किलो, चाकांच्या विरोधासह चढावरचा भार सुमारे १० किलो, हाताकडे आणि चाकाकडे दाते सारखेच, आणि हाताचा दांडा १८ सेंटिमीटरचा असे धरू. एका फेऱ्यात सायकल २.२ मीटर जाते आणि हात १.१३ मीटर. हातावर सरासरी १९-२० किलोंचा जोर. दुसरा हात दिशा सांभाळत असतो, म्हणजे एका हाताने एवढा जोर सतत लावायचा. शिक्षकांनी २० किलो धान्याची पिशवी एका हाताने उचलून पाहावी. हाताकडचे चाक अर्ध्या दात्यांचे केले, तर जोर अर्धा होतो. बदल एका दातेरी चाकाचा आणि साखळीच्या काही कड्यांचा. तो गावातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात होऊ शकतो, आणि करण्याआधी त्याचे गणित आठवीच्या वर्गात होऊ शकते. सपाट रस्त्यावर मात्र त्याला तेवढेच अंतर कापायला हाताचे दुप्पट फेरे घ्यावे लागतील. म्हणून बदल करायचा की नाही, हे सायकल वापरणाऱ्यानेच ठरवायचे.

वर्गात करून पाहा

१. सायकल उलटी करून पुढच्या आणि मागच्या चाकाचे दाते मोजा. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती फिरते ते खडूची खूण करून पाहा आणि भागाकाराशी ताडून बघा. (बोटे साखळीपासून दूर ठेवा.)

२. सायकलच्या साखळीतल्या शेजारच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते. म्हणजे नव्या साखळीत २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. जुन्या साखळीच्या २४ कड्या मोजा. बारा इंच आणि वर एक अष्टमांश भरले, तर साखळी सुमारे एक टक्का लांबली आहे. ती बदललेली बरी, नाहीतर दातेही झिजतील.

३. शाळेसमोरच्या चढाची उंची आणि लांबी दोरी, ओळंबा आणि पाण्याची नळी वापरून काढा. त्या चढावर भरलेली हातसायकल चढवायला किती जोर लागेल, त्याचे गणित करा. ते तक्त्यावर लिहून मुख्याध्यापकांना दाखवा.

साखळी पाय आणि चाक यांच्यामधले अंतर जोडते. त्या अंतरात कप्पी बसवायची, गिअर बसवायचा की माणसाचे श्रम, हे यंत्रशास्त्र ठरवत नाही. ते आपण ठरवतो, आणि दाते मोजता येणाऱ्या मुलांना तो निर्णय तपासून पाहता येतो.